ईटन रँच: पैसे देणारे पाहुणे

हॉवर्ड, विलिस आणि ऑल्डन हे ईटन बंधू मूळचे पिट्सबर्गचे. 1879च्या सुमारास त्यांनी डकोटातील मेडोराजवळ गुरांचा रँच थाटला. पूर्वेकडचे मित्र येत, आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकत. यजमानांचा खर्च वाढत गेला. 1882मध्ये एका पाहुण्याने आपणहून पैसे देऊ केले आणि शहरी हौशींसाठीच्या ‘ड्यूड रँच’ची सुरुवात तिथून मानली जाते. 1886-87च्या भीषण हिवाळ्याने त्या भागातील गुरांचा धंदा मोडकळीस आणला, तेव्हा पाहुणचाराचे उत्पन्न किती भरवशाचे, हे उघड झाले.

1904मध्ये कुटुंबाने वायोमिंगमधील शेरिडनजवळ, बिगहॉर्न पर्वताच्या पायथ्याशी वुल्फ क्रीकच्या खोऱ्यात बस्तान हलवले. मागच्या अंगणातच डोंगर. घोडेस्वारीला याहून सोयीची जागा शोधून सापडली नसती. हॉवर्ड तर पाहुण्यांचे तांडेच्या तांडे घोड्यांवरून यलोस्टोन उद्यानात नेई. रात्री तंबू, सकाळी पुन्हा खोगीर. लेखिका मेरी रॉबर्ट्स राइनहार्ट यांनी 1915मध्ये त्याच्यासोबत ग्लेशियर उद्यान पालथे घातले आणि त्यावर पुस्तकही लिहिले. हॉवर्ड 1922मध्ये वारला; यलोस्टोनमधील एका लांबलचक पायवाटेला त्याचे नाव आहे. रँच मात्र पुढच्या पिढ्यांनी ईटन कुटुंबातच राखला.