कॅटॅरॅक्ट : घाटातला आणि डोळ्यातला

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे आंबेनळी घाट चढू लागलं की आषाढ-श्रावणात कड्याकड्यावरून पाणी कोसळताना दिसतं. हे सगळं पाणी खाली सावित्रीला मिळतं. इंग्रजी भूगोलात मोठ्या प्रपाताला 'कॅटॅरॅक्ट' म्हणतात. महाडच्या दवाखान्यात आजीच्या कागदावर डॉक्टर लिहितात तोही 'कॅटॅरॅक्ट'च, म्हणजे मोतीबिंदू. हे कसं काय? मोतीबिंदू झालेल्याला धबधब्याआडून पाहिल्यासारखं अंधूक दिसतं म्हणून, असं सर्रास सांगितलं जातं. ऐकायला ते पटतं, पण शब्द त्या वाटेने आलेला नाही.

ग्रीक 'काताराक्तेस' म्हणजे वरून खाली झेपावणारं. कोसळणाऱ्या पाण्याला तो शब्द लागे, तसाच किल्ल्याच्या वेशीत वरून सोडायच्या जाळीदार दरवाज्यालाही. पाणी कड्यावरूनच पडलं पाहिजे असंही नाही. नाईलचे आस्वान ते खार्टूमदरम्यानचे सहा प्रसिद्ध 'कॅटॅरॅक्ट' म्हणजे खडकांतून उसळत जाणारे प्रवाह आहेत. जुन्या वैद्यकात समज असा, की डोळ्यात वरून दूषित द्रव उतरतो आणि बाहुलीमागे गोठतो. अरबी वैद्य या आजाराला 'पाणी उतरणं' याच अर्थाचं नाव देत. अकराव्या शतकात कॉन्स्टंटाइन द आफ्रिकन याने अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणले, तेव्हा हा अर्थ 'कॅटॅरॅक्टा'त उतरला, असं सहसा मानतात. काही अभ्यासकांना मात्र दरवाज्याचा अर्थ जवळचा वाटतो : नजरेच्या वाटेत पडलेलं दार. आपल्या पूर्वजांनी दिसेल तसं नाव ठेवलं. भिंग पांढरं झालं की बाहुलीत मोत्यासारखा ठिपका दिसतो, म्हणून मोतीबिंदू.

डोळ्यात पाणी उतरत नाही आणि वरून पडदाही येत नाही. बाहुलीमागचं नैसर्गिक भिंगच गढूळ होतं, कारण त्यातली प्रथिनं बिघडतात. फ्रान्समध्ये पिएर ब्रिसो याने 1705 मध्ये एका मृत सैनिकाच्या डोळ्यात भिंगच गढूळ झालेलं पाहिलं. म्हणूनच थेंब, मध किंवा गुलाबपाणी यांनी मोतीबिंदू जात नाही.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो 'पिकू दे, मग काढू' हा समज. एके काळी अख्खं भिंग बाहेर काढावं लागे, तेव्हा थांबण्यात अर्थ होता. हॅरल्ड रिडली यांनी लंडनमध्ये 1949 साली पहिल्यांदा कृत्रिम भिंग बसवलं. आता बारीक छेदातून ध्वनिलहरींनी गढूळ भिंग फोडून काढतात आणि तिथे नवं बसवतात. भिंग जितकं कडक, तितकी शस्त्रक्रिया अवघड. फार पिकलेला मोतीबिंदू फुगून डोळ्यातला दाब वाढवू शकतो, आणि मग गेलेली नजर परत येईलच असं नाही.

सुरुवातीची खूण घाटातल्या माणसाला चटकन कळावी अशी आहे. रात्री वळणावर समोरून एसटी आली की दिव्याभोवती वलय दिसतं, प्रकाश डोळ्यांत फुटतो, रस्त्याची कड हरवते. पावसाळ्यात आपण धुक्याला दोष देऊन मोकळे होतो. धुकं नसतानाही असंच दिसत असेल तर डोळे तपासायला हवेत.

काचबिंदू हा वेगळाच आजार. त्यात डोळ्याची नस खराब होते आणि गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूत बहुतेकांना ती मिळते. 'ऑपरेशननंतर मोतीबिंदू परत आला' असं म्हणतात, तेव्हा बहुधा कृत्रिम भिंगामागचं पातळ आवरण धुरकट झालेलं असतं. ते लेझरने काही मिनिटांत मोकळं करता येतं.

आणि ऑपरेशन थंडीतच करावं, हेही खरं नाही. आजची शस्त्रक्रिया कोणत्याही ऋतूत होते. सरकारचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 पासून चालू आहे आणि सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते. घरातल्या आजी-आजोबांना ताटातल्या भातातला खडा दिसेनासा झाला असेल, तर दिवाळीची वाट न पाहता त्यांना डॉक्टरांकडे न्या.