योग्य हत्यार

घरांतील एखादें यंत्र बिघडलें कीं तें उघडून पाहण्याची इच्छा होणें हें मनुष्याच्या जिज्ञासेस धरूनच आहे, आणि विद्यार्थ्यांच्या ठायीं ती जिज्ञासा असावी असेंच आम्हांस वाटतें. परंतु यंत्र उघडणें हें केवळ बळाचें काम नव्हे. कोणत्या हत्यारानें उघडावयाचें हें आधीं ठरविलें नाहीं, तर मूळची दुरुस्ती बाजूस राहते आणि नवाच बिघाड पदरीं पडतो. हा धडा आम्ही स्वतःची फजिती करून घेऊन शिकलों, म्हणून तो येथें सांगण्याचा आम्हांस थोडासा अधिकार आहे.

दोन वर्षांपूर्वीं एका सायंकाळीं आमच्या घरीं पाहुणे यावयाचे होते. वाटण चाललें असतां मिक्सर एकाएकीं बंद पडला. कोपऱ्यावरच्या मिस्त्रींस बोलवावें अशी घरांतून सूचना झाली. पण एवढ्याशा कामासाठीं पदवीधर गृहस्थानें मिस्त्रीचें तोंड पाहावें हें आम्हांस कमीपणाचें वाटलें. आम्हीं प्लग काढला, यंत्र उलटें केलें, तों तळाशीं चार स्क्रू दिसले. तीन साधे होते, ते निघाले. चौथ्याच्या डोक्यांत तारेच्या आकाराची खांच होती व तिच्या मध्यभागीं एक बारीक खुंटी उभी होती. घरांतला कोणताच स्क्रूड्रायव्हर तीत बसेना. तेव्हां आम्हीं भाजी चिरण्याच्या सुरीचें टोंक आंत घालून जोर केला. स्क्रू हालला नाहीं. सुरी मात्र सटकली आणि डाव्या तळव्यांत शिरली. स्क्रूच्या खांचेचे कोनही झिजून गेले.

शेवटीं मिस्त्री आले. त्यांनीं यंत्राच्या तळाशीं असलेलें एक लहान तांबडें बटण दाबलें, आणि मिक्सर पूर्ववत् चालूं लागला! "मास्तर, एवढें पाहिलें असतें तर उघडावें लागलेंच नसतें," एवढेंच ते म्हणाले. वाटण फार घट्ट झालें किंवा यंत्र फार वेळ सतत चाललें म्हणजे मोटार प्रमाणाबाहेर तापूं लागते. त्या वेळीं मोटार जळूं नये म्हणून पुष्कळशा मिक्सरांत प्रवाह आपोआप तोडणारी योजना केलेली असते. कांहीं मिनिटें यंत्र निवूं द्यावें, भांड्यांतील भार कमी करावा व मग तें बटण दाबावें, एवढाच त्यावर उपाय आहे.

गोष्ट येथेंच संपली असती तर बरें झालें असतें. परंतु सहा महिन्यांनीं मोटारींतील कार्बनचे ब्रश खरोखरच झिजले, आणि आतां यंत्र उघडणें प्राप्त झालें. मिस्त्रींजवळ योग्य हत्यार होतें, पण आम्हीं बिघडविलेल्या खांचेंत तें पकड घेईना. अखेर स्क्रूचें डोकें ड्रिलनें कोरून काढावें लागलें. ब्रश बदलण्यास जेवढा वेळ लागला त्याहून अधिक वेळ आमची चूक निस्तरण्यांत गेला, व त्याची मजुरीही आम्हांसच द्यावी लागली.

स्क्रूंचीं डोकीं इतक्या प्रकारचीं कां, असें कोणी विचारील. सर्वांत जुनी ती सरळ चीर. तिच्यांतून हत्यार बाजूस घसरतें. कॅनडांतील रॉबर्ट्सन यांनीं १९०८ सालीं चौकोनी खांच पुढें आणली. अमेरिकेंतील हेन्री फिलिप्स यांस १९३६ सालीं फुलीच्या खांचेचे हक्क मिळाले. फुलींत हत्याराचें टोंक आपोआप मध्यावर येतें, म्हणून कारखान्यांत ती सोयीची ठरली. मात्र तिच्या भिंती उतरत्या असल्यामुळें जोर वाढला कीं हत्यार वर चढून बाहेर पडतें. १९६७ सालीं अमेरिकेंतील कॅमकार टेक्स्ट्रॉन या कंपनीनें सहा टोंकांची 'टॉर्क्स' नांवाची तारा काढली. तिच्या भिंती उभ्या असल्यानें हा दोष तींत फारसा उरला नाहीं. तिच्या मध्यभागीं खुंटी ठेवली, म्हणजे टोंकाशीं भोंक असलेल्या हत्यारावांचून ती उघडत नाहीं. कांहीं यंत्रांत त्रिकोणी किंवा लंबगोल डोकींही आढळतात. अजाण हातानें विजेचें यंत्र उघडूं नये हा यांतील एक हेतु आहे. दुरुस्तीचें काम आपल्याच हातीं राहावें हाही हेतु असतो, असा कारखानदारांवर आक्षेप घेतला जातो.

आतां योग्य हत्यार कसें शोधावें तें पाहूं. प्रथम प्लग भिंतीपासून काढावा. केवळ बटण बंद करून भागत नाहीं. नंतर खांचेंतील पीठ व तेल जुन्या दांतघासणीनें स्वच्छ करावें, कारण मळानें भरलेली तारा फुलीसारखी भासते. मग भरपूर उजेडांत डोक्याची आकृति पाहावी व शेजारीं मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावें. तें दुकानदारास दाखविलें म्हणजे वर्णन करण्याचे श्रम वांचतात. तारेचीं मापें अंकांनीं सांगतात: टी-१० ची रुंदी सुमारें २.८ मिलिमीटर, तर टी-२० ची सुमारें ३.९ मिलिमीटर. हा भेद नुसत्या डोळ्यांस कळत नाहीं. म्हणून जें टोंक तळापर्यंत उतरतें व डुगडुगत नाहीं, अशांपैकीं सर्वांत मोठें तेंच खरें समजावें. स्क्रू खोल भोंकांत असेल तर लांब दांड्याचें हत्यार लागतें. सर्व स्क्रू काढूनही झांकण न निघाल्यास रबरी पायांखालीं किंवा चिकटविलेल्या कागदाखालीं आणखी एखादा स्क्रू दडला आहे काय तें पाहावें.

परंतु कोठें थांबावें हें जाणणें हेंही ज्ञानच होय. मायक्रोवेव्ह भट्टी घरीं कधींही उघडूं नये. तिच्यांतील कपॅसिटरमध्यें सुमारें २,००० व्होल्टचा विद्युद्भार प्लग काढल्यावरही राहूं शकतो, व तो प्राणघातक असतो. हमीची मुदत चालू असलेलें यंत्र कंपनीकडेच न्यावें.

दुरुस्तीकडे आतां सरकारांचेंही लक्ष गेलें आहे. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें २०२२ सालीं दुरुस्तीच्या हक्काविषयीं समिति नेमली व त्याच वर्षीं त्यासाठीं एक संकेतस्थळ उघडलें. युरोपीय संघानें २०२४ सालीं दुरुस्तीस उत्तेजन देणारा निर्देश संमत केला. तथापि हक्क कागदावर मिळाला तरी तो वापरणारा हात शहाणा असावा लागतो.

पालकांस आमची विनंति अशी कीं मुलांच्या जिज्ञासेस दटावूं नये. तिच्या शेजारीं स्वतः बसावें. आणि मुलांनो, यंत्र उघडण्यापूर्वीं एवढें ध्यानांत ठेवा: जें हत्यार आपणांजवळ नाहीं तें मागण्यांत लाज नाहीं. आमच्या तळव्यावरील व्रण अजून गेलेला नाहीं. वर्गांत खडू हातीं घेतांना तो रोज दिसतो, आणि कोपऱ्यावरच्या मिस्त्रींस आम्ही आतां रोज आधीं नमस्कार करतों.