अप्पू कोण होता? पाळण्यांच्या नावांमागची गोष्ट

पिंपरी-चिंचवडमध्ये राहून अप्पूघराचे नाव ऐकले नाही, असे घर सापडायचे नाही. निगडीला दुर्गा टेकडीकडे जायचे असले तर रिक्षावाल्याला खूण सांगायची ती अप्पूघराचीच. दिवाळीचा बोनस हाती आला, की मुलांनी हट्ट धरावा आणि आईने चपाती-भाजीचा डबा बांधून आजीसकट सर्वांना घेऊन निघावे, ही कामगार कुटुंबांची रीतच होऊन गेली.

अशाच एका सुट्टीच्या दिवशी आमच्या सहावीतल्या मुलीने विचारले, "पप्पा, अप्पू म्हणजे कोण?" "हत्ती, आणखी कोण!" असे म्हणून आम्ही मोकळे झालो. पुढे एका जत्रेत तिने पुन्हा विचारले, "टोरा टोरा म्हणजे काय हो?" आता मात्र आमच्यापाशी उत्तर नव्हते. तिकिटाचे पैसे आपण मोजून देतो, पण पाटीवर काय लिहिले आहे याचा विचार करीत नाही. म्हणून आम्ही शोध घेतला. हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम अप्पू. नोव्हेंबर १९८२ मध्ये दिल्लीला आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. त्यांचे बोधचिन्ह होते अप्पू नावाचे हत्तीचे पिल्लू. या चित्रातल्या अप्पूमागे हाडामांसाचे एक पिल्लू होते. ते केरळचे आणि त्याचे खरे नाव कुट्टीनारायणन. स्पर्धा संपल्या, पण मुलांच्या मनातून अप्पू गेला नाही. १९ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत प्रगती मैदानाजवळ मोठे करमणूक उद्यान उघडले, त्याला अप्पूघर हेच नाव मिळाले. तेच नाव आपल्या निगडीलाही आले. दिल्लीचे अप्पूघर २००८ मध्ये बंद झाले.

आणि खरा अप्पू? वयाच्या सातव्या वर्षी तो मैलाच्या टाकीत पडला आणि त्याचा पाय मोडला. ती जखम पुढे कधीच भरून आली नाही. १४ मे २००५ रोजी तो मरण पावला. ज्याच्या नावाने लाखो मुले हसली, खिदळली, तो जन्मभर लंगडत राहिला. हे सांगितल्यावर आमची मुलगी बराच वेळ गप्प होती.

आता टोरा टोरा. मधल्या खांबाभोवती गरगर फिरत वरखाली होणारा हा पाळणा जत्रेत हमखास असतो. आपल्या चाकण-भोसरीच्या कामगारांना 'कायझेन', 'पोका-योके' हे शब्द कारखान्यात रोज ऐकू येतात. 'टोरा' हाही त्याच जपानी भाषेतला शब्द आहे. त्याचा अर्थ वाघ. ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी जपानी विमाने अमेरिकेच्या पर्ल हार्बर या नाविक तळावर चालून गेली. शत्रू बेसावध सापडला आहे, हे कळविण्यासाठी त्यांनी बिनतारी संदेश धाडला तो 'तोरा, तोरा, तोरा' असा. त्या हल्ल्यात २,४०० हून अधिक अमेरिकन माणसे मेली आणि अमेरिका महायुद्धात उतरली. त्या युद्धाचा शेवट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीच्या राखेत झाला. १९७० मध्ये याच नावाचा चित्रपट निघाला आणि हे शब्द जगभर झाले. बॉम्बफेकीचा तो इशारा आज आपल्या जत्रेतल्या पाळण्यावर रंगीत दिव्यांत झळकतो!

तिसरे नाव कोलंबस. पुढेमागे झोके घेणारे ते मोठे जहाज. कोलंबस १४९२ मध्ये तीन जहाजे घेऊन निघाला होता आशियाकडे, पोहोचला अमेरिकेजवळच्या बेटांवर. आपण हिंदुस्थानच्या मुलखात आलो, या समजुतीने त्याने तिथल्या माणसांना 'इंडियन' म्हटले. ती चूक पुढे उघडकीस आली, पण नाव पुसले गेले नाही. आपल्याकडेही 'रेड इंडियन' हा शब्द रूढ झाला. त्या लोकांना आपले स्वतःचे 'ताइनो' असे नाव होते, ते कोणी विचारले नाही. १४९५ मध्ये कोलंबसाने त्यांच्यातली सुमारे ५०० माणसे गुलाम म्हणून स्पेनला पाठविली. त्यांतली सुमारे २०० वाटेतच मेली. त्यांनी झोका घेतला तो अशा जहाजातून.

कोलंबसाच्या प्रवासाला ४०० वर्षे झाली म्हणून १८९३ मध्ये अमेरिकेत शिकागोला मोठे प्रदर्शन भरले. तिथे फेरिस नावाच्या एका पूल बांधणाऱ्या इंजिनिअरने २६४ फूट उंचीचे पोलादी चाक उभे केले. त्याला ३६ डबे होते आणि एकेका डब्यात ६० माणसे बसत. हाच आजच्या जायंट व्हीलचा मूळ पुरुष. इंग्रजीत त्याला फेरिसचे नाव मिळाले. आपल्या माणसांनी मात्र त्याला आकाशपाळणा म्हटले. आईच्या हातचा पाळणा आभाळाला लावला. आम्हाला हेच नाव अधिक आवडते.

आपल्या गावांची नावेही अशीच बोलकी आहेत. चिंचवडमध्ये चिंच आणि वड आहेत. निगडी म्हणजे निर्गुडीचे झुडूप. अंग दुखले की जिचा पाला आजी शेकायला घेई, तीच ही. कारखान्यांची धुराडी नंतर आली. 'प्राधिकरण' हे तर १९७२ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कचेरीचे नाव. ती कचेरी २०२१ मध्ये विलीन झाली, पण माणसे आजही "प्राधिकरणात राहतो" असेच सांगतात.

नाव कोण देतो आणि ते कोणाला मिरवावे लागते, हे आपल्या समाजाला वेगळे शिकवायला नको. गावकुसाबाहेरच्या आपल्या वस्त्यांना आपण नाव दिले नव्हते. ते दुसऱ्यांनी दिले, आणि शाळेच्या दाखल्यापासून टपालाच्या पाकिटापर्यंत ते आपल्या पाठीशी लागले. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. त्यांच्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावे सुचविली. कोलंबसाने दिलेले नाव ज्यांना पिढ्यान् पिढ्या वागवावे लागले, त्यांचे दुःख आपल्याला म्हणूनच परके वाटत नाही.

याचा अर्थ मुलांना पाळण्यात बसवू नये असा नाही. आठवडाभर पाळीमागून पाळी काम केल्यावर लेकरांचे हसणे पाहण्याचा हक्क आई-बापांना आहे. जरूर जावे. पण पाळण्यासमोर रांग मोठी असते आणि उभे राहण्यात अर्धा तास सहज जातो. तेवढ्या वेळात वरची पाटी मुलांना वाचायला लावावी आणि तिची गोष्ट सांगावी. मुलांनी प्रश्न विचारला तर आमच्यासारखे "हत्ती, आणखी कोण" म्हणून त्यांना गप्प करू नये.

परवा आमची मुलगी तिच्या धाकट्या भावाला सांगत होती, "अप्पू खरा होता. त्याचे नाव कुट्टीनारायणन." त्या एवढ्याशा पोराला ते नाव उच्चारता येईना. पण तीनदा प्रयत्न करून त्याने ते बरोबर म्हटले.