ब्रह्मदेवाच्या पर्वतावरील नवस

वटपौर्णिमेचा चंद्र आपल्या अंगणात उगवतो, तसाच तो पूर्व जावातील वोनोकित्री या डोंगरी खेड्यावरही उगवतो. तेथील तेंगेर लोक बटाटे, कोबी पिकविणारे साधे शेतकरी. चहूंकडे इस्लामधर्मीयांची वस्ती असूनही त्यांनी आपला हिंदू धर्म जपला आहे. जवळच २,३२९ मीटर उंचीचा धगधगता ब्रोमो. हे नाव ब्रह्मदेवाचेच.

आख्यायिका अशी : रारा अंतेंग व जोको सेगेर या निपुत्रिक दांपत्याने येथे तप केले. २५ अपत्ये होतील, परंतु धाकटे अग्नीस अर्पावे, असे वचन त्यांनी दिले. पुढे मातापित्यांचे मन धजेना. तेव्हा पर्वत खवळला व त्याने धाकट्या केसुमास गिळले. दरवर्षी कसद मासाच्या चौदाव्या दिवशी येथे नैवेद्य आणावा, असे त्याचे शब्द विवरातून उमटले.

आजही त्या रात्री पायथ्याच्या पोतेन मंदिरात मंत्रपठण होते. मग धान्य, भाजी, फळे, कोंबड्या घेऊन भाविक कड्यावर चढतात व विवरात अर्पण करतात. २०२४ साली हा उत्सव आपल्या वटपौर्णिमेच्या सुमारासच आला होता.

नवस बोलणे सोपे, फेडणे कठीण. पूर्वजांच्या वचनाचे ऋण शिरावर घेणाऱ्या या दूरच्या धर्मबंधूंस, वडाला सूत गुंडाळताना आपण मनोमन वंदन करावे, असे आम्हांस वाटते.