मौदूदी वाचावा की वगळावा?

अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या इस्लामी अभ्यास विभागाने २०२२ साली अबुल आला मौदूदी आणि इजिप्तचे सय्यद कुत्ब यांचे लेखन अभ्यासक्रमातून काढून टाकले. काही अभ्यासकांनी पंतप्रधानांना खुले पत्र लिहून त्यावर आक्षेप घेतला होता आणि विद्यापीठाला वाद नको होता. मौदूदी चांगले की वाईट, यावर तेव्हा बरेच बोलले गेले. वस्तुतः प्रश्न निराळा होता. विद्यापीठात धर्म शिकवायचा म्हणजे नेमके काय करायचे, हा तो प्रश्न होय.

मौदूदी यांचा जन्म १९०३ चा, तेव्हाच्या निजामी राज्यातील औरंगाबादचा. म्हणजे आपल्याच मराठवाड्यातला. १९४१ मध्ये लाहोर येथे त्यांनी जमाते इस्लामी स्थापन केली. सार्वभौमत्व जनतेचे नसून ईश्वराचे आहे, या सूत्रावर त्यांनी राज्यव्यवस्थेची मांडणी केली. प्रस्तुत लेखकाला ती मुळीच मान्य नाही आणि लोकशाही मानणाऱ्या कोणालाही ती मान्य होण्यासारखी नाही. परंतु अर्थशास्त्राच्या अध्यापकापुढे येथे एक अडचण उभी राहते. आज ‘इस्लामी अर्थशास्त्र’ या नावाने जे शास्त्र ओळखले जाते, त्याचे मूळ शोधत गेल्यास मौदूदींच्या लेखनापाशी यावेच लागते. व्याजाच्या निषेधावर ‘सूद’ हा त्यांचा स्वतंत्र ग्रंथच आहे. पुढे बिनव्याजी बँकव्यवहाराचा सिद्धान्त मांडून १९८२ चे किंग फैसल पारितोषिक मिळविणारे नेजातुल्ला सिद्दीकी हे अलीगढलाच अर्थशास्त्र शिकवीत होते.

अशा बँका आज मलेशियापासून आखाती देशांपर्यंत चालतात. तत्त्व सांगितले जाते नफातोट्यातील भागीदारीचे; व्यवहार मात्र पुष्कळदा ‘मुराबहा’चा असतो. बँक माल विकत घेते, त्यावर ठरावीक नफा चढवते आणि ग्राहकाला तो हप्त्यांनी विकते. हा चढवलेला नफा आणि आपल्या पतपेढीचे व्याज यांत फरक कोणता? हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे. पण मूळ प्रतिपादन वाचू दिले नाही, तर तो विचारणार कशाच्या आधारे? आम्ही वर्गात माल्थस शिकवतो, म्हणून आमच्यावर माल्थसवादी असल्याचा आरोप अद्याप कोणी केलेला नाही.

राज्यघटना आड येते, असा एक समज सुशिक्षितांतही आढळतो. अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाने सर्वस्वी सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्थांत धार्मिक शिक्षणास मनाई केली आहे, हे खरे. मात्र गुरू नानकांच्या जीवनाचा व शिकवणीचा विद्यापीठीय अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच स्पष्ट केले. धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत भेद करावा, असे कोठारी आयोगानेही १९६६ च्या अहवालात सांगितले होते. तरीही आपला पदवीधर शेख महंमद श्रीगोंदेकरांचा ‘योगसंग्राम’ हाती घेतो, तेव्हा त्यातील सूफी संकल्पनांचा उलगडा करून देणारा अध्यापक त्याला क्वचितच भेटतो.

शिकवणार कोण, हा मुद्दा अधिक नाजूक आहे. बनारस हिंदू विद्यापीठात २०१९ मध्ये संस्कृत धर्मविद्येच्या शाखेत एका मुसलमान अध्यापकाची नेमणूक झाली. विद्यार्थी धरणे धरून बसले आणि अखेर त्यांना कलाशाखेच्या संस्कृत विभागात जावे लागले. श्रद्धावान शिकवील तो प्रचार आणि परका शिकवील तो अपमान, असे मानायचे ठरवले तर शिकवण्यास कोणीच उरत नाही. अध्यापकाला अरबी येते काय, संदर्भ तपासता येतात काय, एवढेच विद्यापीठाने पाहावे. जन्म पाहण्याचे काम अन्यत्र पुष्कळ चालते.

मौदूदींची पुस्तके बाजारात मिळतच राहणार. अभ्यासक्रमातून ती गेली, म्हणजे फार तर त्यांच्याबरोबर वाचावयाचे दुसरे पुस्तक गेले. म्हणून एकाच प्रश्नपत्रिकेत मौदूदी असावेत, आसफ फैजी यांचे १९६३ मधील इस्लामच्या आधुनिक दृष्टीवरील पुस्तक असावे आणि १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढणारे हमीद दलवाईही असावेत. दलवाई तर मराठीत लिहीत. त्यांच्यासाठी आपल्या विद्यार्थ्याला अनुवादाचीही वाट पाहावी लागणार नाही.