पोटाचं गणित (भाग 9) : भाकरी सोसते, चपाती का नाही?

गेल्या आठवड्यात दूध झालं, आता धान्य. जालना जिल्ह्यात हा प्रश्न बहुधा एकाच रूपात कानावर येतो. चपाती खाल्ली की पोट गच्च होतं, शाळूची भाकरी मात्र सोसते. मग भाकरीत तंतू कमी असतात का?

तसं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली अन्नघटकांचे तक्ते काढले. त्यांत 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू आहेत, बाजरीत आणि गव्हात 11 च्या आसपास. पांढरा तांदूळ तेवढा वेगळा, जेमतेम 3 ग्रॅमचा.

खरा फरक फ्रुक्टानचा. गव्हात असणारी ही शर्करेची आखूड साखळी तोडणारं विकर माणसाच्या आतड्यात नाही. ती न पचता मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि वायू धरतो. वायू सगळ्यांनाच होतो. पण ज्याचं आतडं हळवं आहे, ज्याला डॉक्टर ‘आयबीएस’ म्हणतात, त्याला तोच ताण दुखतो. ज्वारी-बाजरीत फ्रुक्टान बरंच कमी असतं. गव्हाचा त्रास म्हटलं की हल्ली जो तो ग्लुटेनचं, म्हणजे गव्हातल्या प्रथिनाचं नाव घेतो. नॉर्वेत सीलिअक (ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) नसलेल्या, पण ग्लुटेन टाळणाऱ्या 59 जणांना आळीपाळीने ग्लुटेनच्या, फ्रुक्टानच्या आणि दोन्ही नसलेल्या वड्या दिल्या, कोणती कुठली ते न सांगता. जास्त त्रास फ्रुक्टानच्या वडीने झाला. 2018 सालचा हा अभ्यास.

आपल्याकडे गहू ताटात वाढला त्यात रेशनचा मोठा हात आहे. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्याने परदेशी लाल मिलो खाल्ली, म्हणजे तेव्हाही ज्वारीच. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू 2 रुपये किलो, तांदूळ 3 आणि भरड धान्य 1 रुपया असे दर ठरले. पिशवीत पडले ते बहुतेक गहू आणि तांदूळ. इकडे शिवारात कापूस आणि सोयाबीन पसरलं. म्हणून गव्हाला खलनायक करायचं कारण नाही, बहुतेकांना तो सुखाने पचतो.

आणि ज्वारीही काही साधीभोळी नाही. पाण्यात शिजवली की तिच्यातली प्रथिनं एकमेकांना घट्ट बिलगतात आणि पचायला अवघड होतात. पीठ आंबवलं की ती गाठ सैल होते. आंबील थंडाव्यासाठी पितात हे ठीक, पण हळव्या पोटाला ती भाकरीहूनही मानवू शकते. हुरड्याचं मात्र जपून. शेकोटीभोवती बसल्यावर मूठ कोण मोजतं?

सगळ्यात घोळ ‘मल्टिग्रेन’ पिठाने होतो. 2023 हे भरडधान्य वर्ष झालं आणि गिरणीत ज्वारी, बाजरी, गहू, हरभरा, सोयाबीन असं सगळं एकत्र दळून न्यायची हौस वाढली. निरोगी माणसाने खुशाल खावं. हळव्या पोटाच्या माणसाला हे पीठ मी तरी सुचवणार नाही. हरभरा आणि सोयाबीन आपापल्या न पचणाऱ्या शर्करा घेऊन येतात, आणि त्रास झाला तर दोष कोणाला द्यायचा तेच कळत नाही. एका वेळी एकच धान्य घ्यावं. आधी अर्धी भाकरी, चार-पाच दिवस बरे गेले की पूर्ण. तंतू वाढले की पाणीही वाढवावं, नाहीतर उलट बद्धकोष्ठ होतं.

हरभऱ्यासारख्या न पचणाऱ्या शर्करा तुरीतही असतात. बदनापूरच्या संशोधन केंद्राने तुरीचे नामांकित वाण दिले, तेव्हा या जिल्ह्याला वरण सोडा म्हणणं शक्यच नाही. डाळ भिजवून ते पाणी फेकावं. त्या शर्करा पाण्यात उतरतात. सुरुवात मुगाच्या वरणाने करावी.

वजन घटणं, शौचातून रक्त, न हटणारा पंडुरोग किंवा रात्री झोपेतून उठवणारे जुलाब असतील, तर धान्य बदलत बसू नये, डॉक्टरांकडे जावं. सीलिअकची शंका असेल तर रक्ततपासणी होईपर्यंत गहू सोडू नये. आधीच सोडला तर आजार असूनही तपासणीत तो दिसत नाही.