मुक्त आज्ञावलींचे स्थानिकीकरण व अनुवादसंचिकांचे यंत्रचालन

संगणकाची आज्ञावली हा केवळ गणिती सूचनांचा समूह नव्हे. वापरणाऱ्याशी ती शब्दांनी बोलते. त्याला विचारते, सावध करते, चूक दाखविते. हे बोलणे निरनिराळ्या भाषांत उपलब्ध करून देण्याच्या कार्यास स्थानिकीकरण म्हणतात. मुक्त आज्ञावलीचा मूळ पाठ सर्वांस खुला असल्यामुळे तिचा अनुवाद कोणासही करता येतो. परंतु तिचा मूळ पाठ रोज बदलत असतो, आणि अनुवादक बहुधा दूरदूर विखुरलेले स्वयंसेवक असतात. त्यामुळे खरा प्रश्न अनुवाद एकदा करण्याचा नसून तो मूळ पाठाबरोबर सतत जुळता ठेवण्याचा आहे. यंत्रचालनाचा विचार येथून सुरू होतो.

या क्षेत्रात सर्वाधिक रूढ झालेली पद्धती ‘गेटटेक्स्ट’ ही होय. तिची मूळ कल्पना सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीची. ग्नू प्रकल्पाने १९९५ मध्ये तिची मुक्त आवृत्ती प्रसिद्ध केली आणि ती पुढे सर्वत्र पसरली. तिचे तत्त्व सोपे आहे. आज्ञावलीतील प्रत्येक दर्शनी वाक्याभोवती लेखक एक खूण करतो. ‘एक्सगेटटेक्स्ट’ हे साधन ही वाक्ये वेचून एक साचा तयार करते. त्यास ‘पॉट’ संचिका म्हणतात. या साच्यावरून प्रत्येक भाषेची एक ‘पीओ’ संचिका होते. तीत मूळ वाक्य वर व अनुवाद त्याखाली अशा जोड्या असतात. शेवटी ‘एमएसजीएफएमटी’ हे साधन तिचे द्विमान रूप, म्हणजे ‘एमओ’ संचिका, सिद्ध करते. आज्ञावली चालू असता हीच संचिका वाचली जाते, आणि जेथे अनुवाद नाही तेथे मूळ इंग्रजी वाक्यच दिसते.

या साखळीतील वेचणे, जुळविणे, तपासणे व रूपांतर करणे ही कामे पूर्णतः यांत्रिक असल्याने ती यंत्राकडे सोपविणे उचित ठरते. ती हातांनी केल्यास कोणते घोटाळे होतात, हे एका साध्या उदाहरणावरून ध्यानी येईल. पीओ संचिकेत प्रत्येक वाक्याबरोबर ते मूळ पाठाच्या कोणत्या ओळीवर आहे हे नोंदलेले असते. मूळ पाठाच्या आरंभी एक ओळ वाढली की त्याखालचे सर्व ओळक्रमांक सरकतात. एकही शब्द बदललेला नसता शेकडो नोंदी बदललेल्या दिसतात, आणि एकाच संचिकेवर काम करणाऱ्या दोन अनुवादकांच्या प्रती परस्परांशी जुळेनाशा होतात. यास उपाय दोन. पहिला, संचिकेतून ओळक्रमांक गाळावेत. दुसरा, मध्यवर्ती भांडारात लिहिण्याचे काम एकाच यंत्राकडे ठेवावे. ‘वेबलेट’ ही २०१२ मध्ये आरंभ झालेली मुक्त प्रणाली दुसऱ्या मार्गाने जाते. अनुवादक न्याहाळकात वाक्ये भरतात, आणि भांडाराशी देवघेव प्रणाली स्वतः करते. यांच्या जोडीस, नवी आवृत्ती निघण्यापूर्वी काही काळ दर्शनी वाक्ये बदलावयाची नाहीत, असा नोम प्रकल्पासारखा नियम असला म्हणजे अनुवादकांस पुरेसा अवधी मिळतो.

जुळविण्याच्या टप्प्यावर एक नाजूक प्रश्न उभा राहतो. मूळ वाक्य थोडे बदलले तर ‘एमएसजीमर्ज’ हे साधन जुन्या अनुवादांत सदृश वाक्य शोधते व त्याचा अनुवाद नव्या वाक्याखाली ठेवते. मात्र त्यावर ‘फझी’, म्हणजे संदिग्ध, अशी खूण करते. समजा, ‘संचिका पुसली’ या अर्थाचे वाक्य बदलून ‘संचिका पुसली नाही’ या अर्थाचे झाले. इंग्रजीत फरक एका लहानशा शब्दाचा. यंत्राच्या दृष्टीने दोन्ही वाक्ये जवळजवळ एकच. अर्थ मात्र नेमका उलट. म्हणूनच संदिग्ध अनुवाद अंतिम संचिकेत घेतला जात नाही, अशी मूळ योजना आहे. चुकीच्या मराठीपेक्षा बरोबर इंग्रजी बरे, हा तिच्यामागील विवेक होय. अनुवादाचे शेकडा प्रमाण वाढावे म्हणून या खुणा सरसकट पुसून टाकणारे यंत्रचालन हा विवेकच पुसून टाकते.

तपासणीचीही मर्यादा ओळखली पाहिजे. वाक्यात संख्या वा नाव भरण्यासाठी ठेवलेल्या जागा अनुवादात तितक्याच व त्याच प्रकारच्या आहेत की नाहीत, हे यंत्र अचूक सांगते. परंतु इंग्रजीत ‘दहापैकी तीन’ म्हणताना तीन आधी येतात, मराठीत दहा. जागांना क्रमांक न देता अनुवादकाने ‘पैकी’ची रचना केली, तर पडद्यावर ‘३ पैकी १० संचिका’ असे उमटेल. दोन्ही जागा संख्येच्याच असल्याने तपासणीस त्यात दोष दिसणार नाही. विभक्तीचेही तसेच. रिकाम्या जागेपुढे ‘मध्ये’ लिहून ठेवले व तेथे ‘कचरा’ हे नाव आले, तर ‘कचऱ्यामध्ये’ न होता ‘कचरा मध्ये’ होते. सामान्यरूप यंत्रास ठाऊक नसते. अशा ठिकाणी ‘कचरा या ठिकाणी’ अशी रचना करणे हे अनुवादकाचे कौशल्य. ‘ओपन’ हा इंग्रजी शब्द आज्ञार्थी असल्यास ‘उघडा’, विशेषण असल्यास ‘खुले’. हा भेद कळावा म्हणून मूळ लेखकाने वाक्यास संदर्भ जोडावयास हवा. एकवचन-अनेकवचनाची सोय मात्र पद्धतीतच आहे. मराठीस दोन रूपे, जपानीस एक, पोलिशला तीन व अरबीस सहा. प्रत्येक भाषेचे सूत्र पीओ संचिकेच्या शीर्षभागात लिहिलेले असते.

तात्पर्य, यंत्रचालनाचे क्षेत्र संचिकेचे आहे, वाक्याचे नव्हे. वेचणी, जुळणी व रूपांतर यंत्राने करावे. त्यातून वाचलेला अनुवादकाचा वेळ संदिग्ध खुणांच्या निर्णयास व शब्दांच्या निवडीस द्यावा. जी व्यवस्था तो वेळ वाचविते पण तो निर्णयही स्वतःच घेऊ पाहते, तिच्यात संचिका पूर्ण भरलेली दिसेल. परंतु आपली संचिका पुसली गेली की राहिली, हे मराठी वाचकास तिच्यावरून खात्रीने कळणार नाही.